चेल्सी पुष्पप्रदर्शन

चेल्सी पुष्पप्रदर्शन हे लंडन शहरातील रॉयल हॉस्पिटल चेल्सी या संस्थेच्या प्रांगणात दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात भरणारे उद्यानविद्येचे प्रदर्शन आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही ब्रिटिश संस्था ते १९१३ पासून या जागी भरवीत आली आहे. याचे जुने नाव 'ग्रेट स्प्रिंग शो', म्हणजे वसंतातील महाप्रदर्शन असे होते. सुमारे ११ एकर जागेत पाच दिवस चालणाऱ्या या प्रदर्शनास दीड लाखाहून अधिक लोक भेट देतात. गुलाबाची नवी वाणे, दुर्मीळ वनस्पती, ऑर्किड, पर्वतीय झाडे आणि अवघ्या तीन आठवड्यांत उभारलेल्या प्रदर्शनी बागा ही त्याची मुख्य आकर्षणे होत. यजमान संस्थेच्या नावातील 'हॉस्पिटल' या शब्दाचा येथे रुग्णालय असा अर्थ नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६८२ मध्ये स्थापन केलेला हा निवृत्त सैनिकांचा आश्रम असून त्याची इमारत ख्रिस्तोफर रेन या वास्तुविशारदाने रचली. लाल अंगरखे घातलेले येथील वृद्ध सैनिक प्रदर्शनाच्या गर्दीत सहज ओळखू येतात.

इतिहास

हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ लंडन या नावाने आयोजक संस्थेची स्थापना ७ मार्च १८०४ रोजी पिकॅडिली येथील हॅचर्ड्स या पुस्तकांच्या दुकानात झालेल्या बैठकीत झाली. जॉन वेजवुड हा या कल्पनेचा जनक होता आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स त्या बैठकीस उपस्थित होते. १८६१ मध्ये राजसनद मिळाल्यावर संस्थेस आजचे नाव लाभले. पुढच्याच वर्षी केन्सिंग्टन येथील संस्थेच्या बागेत पहिला 'ग्रेट स्प्रिंग शो' भरला. १८८८ पासून हे प्रदर्शन थेम्स नदीकाठच्या टेंपल गार्डन्स या बागेत भरू लागले. तेथील जागा उत्तरोत्तर अपुरी पडत गेली.

१९१२ मध्ये टेंपल येथील प्रदर्शन रद्द करून त्याऐवजी चेल्सीच्या प्रांगणात एक आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शन भरविण्यात आले. त्यामागे प्रसिद्ध रोपवाटिकाचालक हॅरी व्हीच यांचा पुढाकार होता. जागा सोयीची ठरल्याने १९१३ पासून वार्षिक प्रदर्शन कायमचे तेथे आले. पहिल्या महायुद्धातील १९१७ व १९१८ ही दोन वर्षे आणि दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४६ ही वर्षे प्रदर्शन भरले नाही. कोविडच्या साथीमुळे २०२० मध्ये ते केवळ आंतरजालावर झाले आणि २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच सप्टेंबरात भरले. वसंतातील प्रदर्शन शरदात नेल्यामुळे तेथे एरवी न दिसणारी डेलिया, अ‍ॅस्टर यांसारखी फुले त्या वर्षी पाहावयास मिळाली. नेहमीच्या प्रदर्शकांना मात्र आपले वर्षाचे वेळापत्रक मुळापासून बदलावे लागले.

१९५१ मध्ये उभारलेला सुमारे साडेतीन एकरांचा कापडी मंडप जगातील सर्वांत मोठा तंबू म्हणून गणला जाई. २००० साली त्याची जागा आजच्या 'ग्रेट पॅव्हिलियन' या मंडपाने घेतली. जुन्या मंडपाचे कापड वाया न घालवता त्याच्या पिशव्या, अंगरखे आणि बागकामाची वेष्टने शिवण्यात आली. पहिल्या प्रदर्शनातील प्रदर्शकांपैकी शताब्दीच्या वर्षी, म्हणजे २०१३ मध्ये, तीनच नावे उरली होती: ऑर्किडसाठी ख्यात असलेले मॅकबीन्स, डेल्फिनियम व बेगोनियाचे ब्लॅकमोर अँड लँग्डन आणि पिओनीचे केल्वेज.

मे महिन्यात गुलाब

चेल्सीच्या मंडपात शिरणाऱ्यास सर्वप्रथम जाणवतो तो गुलाबाचा दरवळ. वास्तविक इंग्लंडच्या हवामानात गुलाबाचा खरा बहर जूनमध्ये येतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात उघड्यावरील बहुतेक झुडपे कळ्यांवरच असतात. प्रदर्शनात दिसणारी पूर्ण उमललेली शेकडो झुडपे म्हणजे निसर्गाला काही आठवडे पुढे ओढण्याचे कौशल्य होय. ही झुडपे कुंड्यांत वाढवून हिवाळ्यात छाटली जातात आणि नंतर काचगृहात ठेवली जातात. छाटणीपासून फुलापर्यंतचा काळ मुख्यतः तापमानावर अवलंबून असल्यामुळे उत्पादक काचगृहाची उष्णता वाढवून किंवा झडपा उघडून हवा गार ठेवून बहर आवश्यक त्या आठवड्यावर आणतो. वसंत अपेक्षेपेक्षा उबदार निघाल्यास झाडे सावलीत वा थंड जागी हलवावी लागतात. थंडी लांबल्यास उलट उपाय योजावा लागतो. सर्व वाणे सारख्या वेगाने फुलत नसल्याने छाटणी टप्प्याटप्प्याने करतात आणि मांडायच्या झाडांपेक्षा कितीतरी अधिक झाडे तयार ठेवतात.

याच्या नेमके उलट तंत्र डॅफोडिल आणि ट्यूलिप यांना लावले जाते. त्यांचा नैसर्गिक हंगाम मेपूर्वीच उलटून गेलेला असतो. त्यामुळे त्यांचे कंद थंड खोल्यांत रोखून धरतात व प्रदर्शनाच्या बेताने बाहेर काढतात. एकाच मंडपात मार्चची आणि जूनची फुले शेजारी शेजारी दिसतात ती या दुहेरी खटाटोपामुळे. बागेत प्रत्यक्षात हा मेळ कधीच जमत नाही. प्रदर्शन पाहून झाडांची निवड करणाऱ्या नवख्या बागकाराने ही गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट असते.

चेल्सी आणि गुलाब यांच्या संबंधात १९८३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी डेव्हिड ऑस्टिन या श्रॉपशर परगण्यातील पैदासकाराने 'ग्रॅहम थॉमस' आणि 'मेरी रोझ' ही वाणे येथे मांडली. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. युरोपातील जुने गुलाब दाट पाकळ्यांचे आणि सुवासिक असले, तरी थोडे अपवाद वगळता वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधील गुलाब युरोपात पोहोचू लागले. पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांच्यामुळे युरोपीय गुलाबांत आला. पुढील संकरणातून 'हायब्रिड टी' हा वर्ग निर्माण झाला आणि १८६७ चे 'ला फ्रान्स' हे वाण त्याचा आरंभबिंदू मानले जाते. लांब दांडा, टोकदार कळी आणि एका दांड्यास एक फूल ही या वर्गाची लक्षणे आज बाजारातील गुलाबातही दिसतात. फुलदाणीसाठी हा गुलाब उत्तम ठरला. परंतु त्याच्या झुडपाला डौल राहिला नाही आणि अनेक वाणांतून सुगंधही हरपला. गुलकंदाच्या देशी गुलाबाचा वास परिचित असलेल्या मराठी वाचकास या हानीचे स्वरूप वेगळे सांगण्याची गरज नाही.

ऑस्टिन यांनी जुन्या गुलाबांचा आकार व गंध आणि नव्यांचा बारमाही बहर व रंगवैविध्य एकत्र आणण्याचे ठरविले. १९६१ मधील त्यांचे पहिले वाण 'कॉन्स्टन्स स्प्राय' देखणे होते, पण ते एकदाच फुले. दोन दशकांच्या संकरणानंतर चेल्सीत मांडलेला 'ग्रॅहम थॉमस' गर्द पिवळा होता. हा रंग जुन्या युरोपीय गुलाबांत जवळपास आढळत नाही, कारण पिवळेपणा पुढे आशियाई जातींच्या संकरातून आला. ज्यांचे नाव त्यास दिले ते ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांनी विस्मृतीत चाललेल्या जुन्या गुलाबांचा संग्रह हॅम्पशर परगण्यातील मॉटिसफॉन्ट येथे जतन केला होता. जागतिक गुलाब महासंघाने २००९ मध्ये या वाणाचा आपल्या सन्मानसूचीत समावेश केला. २००६ मध्ये मांडलेले जर्दाळू रंगाचे 'ज्युलिएट' हे वाण सिद्ध होण्यास १५ वर्षे लागली. त्यावर झालेल्या खर्चामुळे वृत्तपत्रांनी त्यास तीस लाख पौंडांचा गुलाब म्हटले. ऑस्टिन यांचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यांच्या संस्थेने २०२५ च्या प्रदर्शनात गुलाबी व पांढऱ्या पट्ट्यांचे 'द किंग्ज रोझ' हे वाण सादर केले.

एक नवे वाण बाजारात येण्यापूर्वी पैदासकार हजारो संकर करतो, त्यांच्या बियांपासून कितीतरी अधिक रोपे वाढवितो आणि रोगप्रतिकार, बहर व गंध यांच्या कसोटीवर त्यांपैकी जवळजवळ सर्व टाकून देतो. उरलेल्या मोजक्या रोपांचे डोळे खुंटांवर भरून वाढ केली जाते. डोळा भरणे ही क्रिया इतकी सोपी आहे की विकत घेतलेल्या एका झुडपापासून कोणीही शेकडो झाडे करू शकतो. त्यामुळे पैदासकाराचा हक्क कायद्याने राखणे आवश्यक ठरले. ब्रिटनमध्ये १९६४ च्या कायद्याने असे हक्क दिले. भारतात त्यासाठी २००१ चा वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायदा आहे. चेल्सीतील गुलाबांना राजघराण्यातील व्यक्तींची आणि कलावंतांची नावे देण्यामागे सन्मानाइतकाच विक्रीचाही विचार असतो, हे उघड आहे.

दुर्मीळ वनस्पती

प्रदर्शनाच्या आरंभकाळी 'दुर्मीळ' याचा अर्थ नुकतीच कोणी तरी दूरदेशाहून आणलेली वनस्पती असा होता. व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेने पगारी वनस्पतिसंग्राहक जगभर पाठविले. आल्प्स आणि हिमालयातील झाडांसाठी दगड रचून केलेल्या शैलोद्यानांचे त्या काळी प्रदर्शनात मोठे प्रस्थ होते. हिमालयातील निळी खसखस हे या प्रकारच्या वनस्पतीचे ठळक उदाहरण होय. फ्रँक किंग्डन-वॉर्ड याने १९२४ मध्ये तिबेटातून तिचे बी आणले आणि काही वर्षांतच ती ब्रिटिश बागकारांच्या ध्यासाचा विषय झाली. थंड, दमट हवा नसेल तेथे ती तग धरीत नाही. यामुळेच तिचे आकर्षण टिकून राहिले असावे.

या संग्रहाची किंमत मूळ प्रदेशांनी मोजली. खासी टेकड्यांमधील निळे ऑर्किड, म्हणजे व्हँडा सेरुलिया, विल्यम ग्रिफिथ यांना १८३७ मध्ये आढळले. पुढे थॉमस लॉब याने ते व्हीच यांच्याकडे पाठविले. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी आपल्या हिमालयातील प्रवासवृत्तात नोंदविले आहे की, त्यांनी क्यू येथील बागेसाठी या ऑर्किडचे सात माणसांना पुरेल इतके ओझे गोळा केले, परंतु त्यातील फारच थोडी झाडे इंग्लंडला जिवंत पोहोचली. हूकर वैज्ञानिक हेतूने गेले होते. नफ्यासाठी गेलेल्यांनी काय केले असेल याची कल्पना यावरून करता येते. एखादी जात फुलांच्या बाजारात जितकी महाग, तितकी तिच्या रानातील अखेरच्या झाडापर्यंत पोहोचण्याची प्रेरणा प्रबळ, असे हे दुष्टचक्र होते. ते केवळ वसाहतकाळापुरते राहिले नाही. केरळातील अगस्त्यमलै परिसरात वाढणारे पॅफिओपेडिलम ड्रुरी हे पिवळे ऑर्किड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संग्राहकांमुळेच नष्टप्राय झाले.

या परिस्थितीवर दोन बाजूंनी उपाय झाले. पहिला उपाय प्रयोगशाळेत सापडला. ऑर्किडच्या धुळीसारख्या बारीक बियांत अन्नसाठा नसतो आणि निसर्गात त्या विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच रुजतात. बुरशीशिवाय, साखरयुक्त माध्यमावर त्या रुजविता येतात हे लुईस नड्सन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले. पुढे ऊतीसंवर्धनाची जोड मिळाल्यावर एकेका झाडापासून हजारो रोपे करणे शक्य झाले आणि पूर्वी धनिकांपुरते मर्यादित असलेले ऑर्किड सामान्य खिडकीत आले. दुसरा उपाय कायद्याचा होता. १९७३ मध्ये झालेला आणि १९७५ मध्ये अमलात आलेला 'साइट्स' हा आंतरराष्ट्रीय करार वन्य जीवांच्या व्यापारावर निर्बंध घालतो. ऑर्किड कुलातील सर्व जाती त्याच्या परिशिष्टांत अंतर्भूत आहेत. आशियातील पॅफिओपेडिलम पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहेत. निळे व्हँडाही पूर्वी त्याच परिशिष्टात होते. संवर्धित रोपे मुबलक झाल्यावर २००४ मधील परिषदेत ते दुसऱ्या परिशिष्टात हलविण्याचा निर्णय झाला.

आजच्या प्रदर्शनात दुर्मीळ झाडे मांडणाऱ्या रोपवाटिका बहुधा लहान, एकाच प्रजातीस वाहिलेल्या आणि कुटुंबाने चालविलेल्या असतात. त्यांपैकी काहींकडे ब्रिटनमधील 'राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह' असतात. हे संग्रह प्लांट हेरिटेज या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या योजनेखाली राखले जातात. एकेकाळी लोकप्रिय असलेली आणि नंतर विक्रीतून गेलेली वाणे अशाच संग्रहांत जगून राहतात. रानातील जातीप्रमाणे बागेतील वाणही नामशेष होऊ शकते, आणि त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. शाकीय पद्धतीने वाढविलेले वाण बियांतून जसेच्या तसे परत मिळत नाही. त्याचे शेवटचे झाड गेले की वाण गेले.

उत्कृष्ट नव्या वनस्पतीसाठी २०१० पासून वर्षातील वनस्पतीचा पुरस्कार दिला जातो. शताब्दीच्या वर्षी शतकातील सर्वोत्तम वनस्पती म्हणून लोकांनी 'रोझॅन' या निळसर जांभळ्या जिरेनियमची निवड केली. हे झाड दुर्मीळ नव्हे, तर कोठेही सहज वाढणारे आहे, हे पुरेसे बोलके आहे.

भारताशी संबंध

गुलाब आणि भारत यांचा चेल्सीशी असलेला संबंध प्रामुख्याने वनस्पतींचा आहे. चहागंधी गुलाबांच्या पूर्वजांपैकी रोझा जायगँटिया ही विशाल वेल मणिपूर व म्यानमारच्या डोंगरांत आढळते. सर जॉर्ज वॉट यांनी ती मणिपुरात १८८२ मध्ये नोंदविली. मेअखेरीस ब्रिटिश बागांत फुलणाऱ्या अनेक ऱ्होडोडेंड्रॉन जाती हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममधून पाठविलेल्या बियांपासून आल्या. अलीकडील काळात, २०१८ मध्ये, सारा एबर्ली यांनी भारत हा विषय घेऊन ब्रिटिश कौन्सिलसाठी क्रिकेटच्या संकल्पनेवर बाग रचली होती. महाराष्ट्रात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन याच परंपरेतील आहे. महाराष्ट्रातील गुलाबाचा उत्तम बहर थंडीत येत असल्याने तेथे तो हंगाम ओढून आणावा लागत नाही.

प्रदर्शनी बागा आणि पदके

प्रदर्शनी बागा सुमारे तीन आठवड्यांत मातीपासून उभारल्या जातात आणि प्रदर्शन संपताच काही दिवसांत मोडल्या जातात. पदके सुवर्ण, सोन्याचा मुलामा दिलेले रौप्य, रौप्य आणि कांस्य अशा चार प्रतींची असतात. स्पर्धक परस्परांशी नव्हे, तर ठरविलेल्या दर्जाशी तोलले जातात. त्यामुळे एका वर्षी अनेकांना सुवर्णपदक मिळू शकते. सर्वोत्तम बागेचा मान मात्र एकीसच मिळतो. बागेच्या रचनाकाराने आपले उद्दिष्ट आधी लेखी द्यायचे असते आणि परीक्षक ते कितपत साधले हे पाहतात.

२०२२ मध्ये सर्वोत्तम ठरलेल्या बागेत कापलेल्या लाकडांचा बांध, रानगवत आणि बीव्हर या प्राण्याने घडविलेल्या ओहोळाचे दृश्य होते. लुलू उर्क्हार्ट व अ‍ॅडम हंट यांच्या या रचनेवर ही बागच नव्हे, अशी टीका झाली. उलटपक्षी, नीटनेटकेपणाच्या अतिरेकाने कीटक व पक्षी हद्दपार होतात याकडे तिने लक्ष वेधले, असे समर्थकांचे म्हणणे होते. विनोदी वा लहरी बागांचीही येथे परंपरा आहे. २००९ मध्ये जेम्स मे यांनी प्लॅस्टिसिनची बाग केली होती. तीत एकही जिवंत झाड नव्हते. रंगीत मातीच्या बुटक्या मूर्तींवर प्रदर्शनात पूर्वापार बंदी असून ती २०१३ मध्ये शताब्दीनिमित्त उठविण्यात आली होती.

काही दिवसांसाठी एवढा खर्च आणि साहित्य का, हा आक्षेप जुना आहे. त्यास उत्तर म्हणून 'प्रोजेक्ट गिव्हिंग बॅक' या उपक्रमाने २०२२ पासून सेवाभावी संस्थांसाठी बागांना अर्थसाहाय्य दिले. प्रदर्शनानंतर ही बाग शाळा, रुग्णालय वा वस्तीत कायमची लावली जावी, अशी त्यासाठी अट होती. पीट या दलदलीतील सेंद्रिय मातीचा प्रश्न अधिक अवघड आहे. पीट कार्बनचा साठा असल्याने तिचे उत्खनन हवामानास घातक ठरते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१९ मध्ये पीटयुक्त मिश्रणाच्या पिशव्यांची विक्री थांबविली. प्रदर्शकांनीही पीट सोडावी असा तिचा आग्रह आहे. परंतु दुर्मीळ झाडे वाढविणाऱ्या लहान रोपवाटिकांना हा बदल सर्वाधिक जड जातो, कारण काही वनस्पतींना पर्यायी मिश्रण मानवत नाही आणि परदेशातून येणारी कोवळी रोपे बहुधा पीटमध्येच रुजविलेली असतात. त्यातच २०१३ मध्ये इटलीच्या पुल्या प्रांतात आढळलेल्या झायलेला जीवाणूमुळे वनस्पतींच्या आयातीवर कडक तपासणी आली. लहान रोपवाटिका प्रदर्शनातून बाहेर पडू लागल्या, तर मंडपातील वैविध्याचा मोठा भाग त्यांच्याबरोबर जाईल.

भेट देण्याविषयी

प्रदर्शन मंगळवार ते शनिवार चालते. सोमवार पत्रकार, राजघराणे व निमंत्रित यांच्यासाठी असतो. पहिले दोन दिवस संस्थेच्या सदस्यांसाठी राखीव असतात. प्रेक्षकसंख्येवर मर्यादा असल्याने तिकीट आधी काढावे लागते व प्रवेशद्वारावर ते मिळत नाही. स्लोन स्क्वेअर हे भुयारी रेल्वेचे स्थानक सर्वांत जवळचे असून तेथून सुमारे दहा मिनिटे चालावे लागते. 

प्रदर्शनी बागांत प्रेक्षकास पाऊल ठेवता येत नाही. त्या दोरीबाहेरून पाहाव्या लागतात आणि दुपारी तेथे गर्दीची रांग होते. म्हणून सकाळी लवकर बागा आणि नंतर मंडप हा क्रम सोयीचा असतो. मंडपातील मांडणीमागे बहुधा स्वतः उत्पादकच उभा असतो, आणि माती, छाटणी, रोग यांविषयी त्याला प्रश्न विचारता येतात. प्रदर्शनाचा खरा उपयोग बहुतेकांना येथेच होतो. गुलाब निवडताना उमललेल्या फुलापेक्षा खालची पाने, फांद्यांची ठेवण आणि कोमेजणाऱ्या फुलाचा रंग पाहावा. काचगृहात वाढविलेल्या झुडपावर उघड्या बागेतील काळे ठिपके व भुरी यांची परीक्षा झालेली नसते, म्हणून रोगप्रतिकाराविषयी स्वतंत्रपणे विचारणे योग्य. झाडे सहसा त्याच जागी नेता येत नाहीत. मागणी नोंदविली की गुलाबाची रोपे हंगामात पाठविली जातात.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास घंटा वाजते आणि मांडलेल्या झाडांची विक्री सुरू होते. त्यानंतरचा तासभर स्लोन स्क्वेअरच्या रस्त्यावर डेल्फिनियमचे पुरुषभर उंच तुरे आणि गुलाबाच्या कुंड्या कवेत घेऊन चालणारे लोक दिसतात. रविवारपासून बागा उखडण्यास आरंभ होतो आणि सैनिकांच्या आश्रमाचे मैदान पूर्ववत हिरवळीचे करून परत दिले जाते.